कुलूपबंद घरातली माणसं जातात कुठे?

चिंचेचा पार (धागाकर्ता)

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला: "वाहतूक आराखड्याच्या सर्व्हेसाठी मुलं येणार आहेत. गेटवरूनच परत पाठवा, नंतर लोनवाल्यांचे फोन सुरू होतात." वाचून हसू आलं. पंधरा वर्षांपूर्वी असंच पॅड काखेत मारून मी जिने चढत होतो. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, सुट्टीचं काम, फॉर्ममागे पैसे. कुणासाठी केलं ते सोडा.

ज्यांनी तो फॉर्म पाहिला नाही त्यांच्यासाठी: घरात माणसं किती, वाहनं किती, महिन्याचं उत्पन्न किती (इथे बरेच जण खोटं बोलायचे, उरलेले दार लावायचे). मग खरा भाग. घरातल्या प्रत्येकाने काल केलेल्या फेऱ्या. कुठून निघालात, किती वाजता, कशाने, कशासाठी, कुठे पोचलात. असे हजारो कागद एकत्र केले की शहराच्या प्रत्येक झोनमधून किती फेऱ्या निघतात ते कळतं. त्या कुठल्या झोनला जातात, बसने की दुचाकीने, आणि कोणत्या रस्त्याने, हे त्यापुढचे हिशेब. त्यावर लोकसंख्यावाढीचा अंदाज चढवायचा, म्हणजे वीस-पंचवीस वर्षांनंतरची गर्दी कागदावर उतरते. मेट्रो, उड्डाणपूल, रिंग रोड सगळं मग त्या गर्दीच्या नावाने.

आम्हाला सूचना होती की घराला कुलूप असेल तर शेजारचं घर घ्या. एका दुपारी पुण्यात धनकवडीला एका इमारतीतल्या सोळा फ्लॅटपैकी नऊंना कुलूप होतं. उरलेल्या सातांत मी पाच फॉर्म भरले. तीन निवृत्त जोडपी, एक बाळंतीण आणि एक रात्रपाळीवाला, ज्याला मी झोपेतून उठवलं आणि ज्याने मला दोन शिव्या घातल्या. दिवसाचा कोटा झाला म्हणून मी खूश. घरी जाताना बसमध्ये डोक्यात आलं की दुपारी दीडला ज्या घराला कुलूप आहे, त्या घरातलं प्रत्येक माणूस बाहेर आहे. म्हणजे सगळ्यात जास्त फिरणारी घरं आम्ही वगळली आणि सगळ्यात कमी फिरणारी मोजली.

दुसरा पाया जनगणनेचा, आणि तो अजून २०११ चा. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आता १ मार्च २०२७ ही पुढची संदर्भ तारीख आहे. मधल्या काळात पुणे मनपात २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं आली. २०११ च्या तक्त्यात ती अजून गावं म्हणूनच बसलीत.

माझं मत: सर्वेक्षण हवंच, पण असं नको. घरं निम्मी घ्या, मात्र निवडलेल्या घरी तीनदा जा. रात्री नऊला जा, रविवारी जा. फॉर्ममागे पैसे देणं बंद करा. कुणाला वेगळं वाटत असेल तर लिहा, विशेषतः या क्षेत्रातले असाल तर.

उलटा गियर

असहमत, आणि पद्धतीशी नाही, मुळाशीच. सर्वेक्षणावरून प्रकल्प ठरतो हे तुम्हाला कुणी सांगितलं? आधी प्रकल्प ठरतो, मग त्याच्या मापाचे आकडे शिवून घेतात. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल आठवा. तोही कुठल्यातरी वाहनमोजणीच्या आधारानेच उभा राहिला असणार. २०२० मध्ये लॉकडाऊनच्या शांततेत पाडला, कारण मेट्रोच्या आड येत होता. मेट्रोच्या कागदातही मोजणी असेलच. दोन्ही मोजण्या बरोबर आणि पूल मात्र जमीनदोस्त!

तुम्ही रविवारी जा नाहीतर मध्यरात्री जा. त्या पैशांत बस घ्या. स्टॉपवर तासभर उभा राहिलेल्या माणसाला विचारा, तो फुकटात सांगेल कुठे जायचंय.

जुनी मोजपट्टी

तीस वर्षं याच कामात घालवली, त्यामुळे बोलतो.

उलटा गियर, तो पूल आकडे चुकले म्हणून पडला नाही. बांधताना मेट्रोची जागा राखली नाही म्हणून पडला. डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी खिशात ठेवून औषध न घेणाऱ्याने थर्मामीटरला नावं ठेवू नयेत. आणि स्टॉपवर उभा असलेला माणूस फक्त बसवाल्यांचं सांगतो. बसची वाट पाहून कंटाळून ज्याने कर्ज काढून ॲक्टिव्हा घेतली, तो त्या स्टॉपवर कधीच भेटणार नाही. त्याला शोधायला घरीच जावं लागतं.

धागाकर्ते, तुमचा कुलपाचा मुद्दा खरा आहे, पण तुम्ही अर्धीच गोष्ट पाहिलीत. घरच्या फॉर्मवर कुणी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. शहराच्या वेशीवर कॉर्डन मोजणी होते, पोलिसांना सोबत घेऊन गाड्या थांबवून 'कुठून आलात, कुठे चाललात' विचारतात. शिवाय स्क्रीनलाइन असते. नदी किंवा रेल्वेलाइन घ्यायची आणि ती ओलांडणारं प्रत्येक वाहन मोजायचं. पुण्यात मुळा-मुठा देवाने त्यासाठीच दिली असावी. हॅरिस पुलावर मी भर पावसात सोळा-सोळा तास बसलोय, मांडीवर प्लास्टिकखाली तक्ता, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. संध्याकाळी रेघा ओल्या होऊन पसरायच्या, तरी वाचता यायच्या. फॉर्मवरून काढलेला आकडा पुलावरच्या आकड्याशी जुळला नाही तर दुरुस्त करतात. तुमची नऊ कुलपं तिथे भरून निघतात.

चिंचेचा पार

काका, आदर ठेवून सांगतो, नाही निघत. पुलावर चौदा हजार दिसले आणि हिशेबात दहा हजारच आले, तर काय करता? सगळ्या फेऱ्यांना १.४ ने गुणता. म्हणजे निवृत्त आजोबांच्या बँकेच्या फेऱ्याही १.४ पट झाल्या. आमटीत पाणी वाढवलं की वाढप पुरतं, डाळ तेवढीच राहते.

जुनी मोजपट्टी

सरसकट गुणत नाहीत हो. उत्पन्न, वाहनं, घरातली नोकरदार माणसं असे गट पाडून गुणतात. पण ते गट पाडायला जनगणना ताजी लागते आणि ती नाही, इथे मात्र तुमच्याशी भांडता येत नाही. पिंपरी-चिंचवड २००१ ते २०११ मध्ये १० लाखांवरून १७ लाखांवर गेलं. दहा वर्षांत सत्तर टक्के. त्याच वेगाने पुढे ओढावं की वेग मंदावला धरावा, यावरच निम्मं भवितव्य ठरतं, आणि तो निर्णय टेबलावर बसून होतो.

टप्पा वाढला

मी आयुष्यभर बसमध्ये तिकिटं फाडली, शेवटची काही वर्षं मशीनवर. सगळे म्हणतात मशीनमध्ये सगळा डेटा असतो, सर्व्हे कशाला. थोडं थांबा. कात्रजहून शिवाजीनगरचं तिकीट काढलेला स्वारगेटलाच उतरला तर मशीनला काय कळणार? सकाळी साडेआठला गाडीत ऐंशी माणसं, त्यात पासवाले तीस-पस्तीस. पासवाला मशीनमध्ये दिसतच नाही, तो फक्त 'पास' म्हणून हात वर करतो. आणि दोन गाड्या बदलून जाणारा माणूस मशीनच्या लेखी दोन माणसं.

सर्व्हेवाली पोरं आमच्या गाडीतही यायची. कंडक्टरला कधी कुणी काही विचारलं नाही. कुठल्या स्टॉपवर रोज पंधरा माणसं सुटतात हे मला तोंडपाठ होतं.

उलटा गियर

बघा! कंडक्टरला विचारा. हेच म्हणत होतो.

टप्पा वाढला

साहेब, सुटलेली पंधरा मला दिसायची. स्टॉपवर यायचंच सोडून दिलेली मला कुठून दिसणार? ते मोजपट्टीवाल्यांचं बरोबर आहे.

वाघोलीकरीण

आमच्याकडे दोन महिन्यांपूर्वी आले होते. मी आत मीटिंगमध्ये होते, सासऱ्यांनी दार उघडलं आणि फॉर्म भरून दिला. माझ्या नावापुढे सर्व्हेवाल्यांनी लिहून घेतलं: 'घरून काम, प्रवास नाही.' नंतर सासऱ्यांनी कौतुकाने सांगितलं मला, तुझा वेळ वाचवला म्हणून.

तर त्या 'प्रवास नाही' दिवसाचा हिशेब. सकाळी सात दहाला मुलाला व्हॅनपर्यंत सोडलं. नऊला सासूबाईंना रिक्षाने खराडीला फिजिओकडे नेलं, त्या आत असताना पलीकडे औषधं घेतली, येताना भाजी. दोनला पुन्हा व्हॅन. चारला गिरणीतून पीठ. साडेपाचला मुलाचा क्लास, तो सुटेपर्यंत बाहेर स्कूटरवर बसून मेल पाहिले, मग परत. नवऱ्याचा प्रवास: घर ते ऑफिस, ऑफिस ते घर. त्याच्या दोन फेऱ्या फॉर्मवर आहेत, वेळेसकट. माझ्या एवढ्या सगळ्या, आणि फॉर्मवर शून्य.

नगर रस्त्याला सकाळी नऊला एकच गर्दी मोजतात, ऑफिसची. दुपारी खराडीकडून वाघोलीला यायला रिक्षावाला किती मागतो ते कुणी मोजत नाही.

उलटा गियर

ताई, राग मानू नका, पण हे फार वैयक्तिक झालं. भाजीच्या पिशवीवरून कुणी मेट्रो आखत नाही.

वाघोलीकरीण

मेट्रो मागितलीच नाही मी. फुटपाथ आणि दुपारची बस मागतेय. पिशव्या घेऊन रामवाडीपर्यंत पोचायचं आणि मग तिथून मेट्रो धरायची, असं माझ्या दिवसात कुठे बसतं? आणि वैयक्तिक म्हणाल तर आमच्या विंगमध्ये माझ्यासारख्या अकरा जणी आहेत. वैयक्तिक किती जणींचं झालं की ते सार्वजनिक होतं?

जुनी मोजपट्टी

नियम असा आहे की ज्याची फेरी त्यालाच विचारायचं. सासऱ्यांनी सुनेचं सांगितलेलं चालत नाही. पण फॉर्ममागे पैसे असले की मुलगा म्हणतो, आजोबा सांगतायत ना, लिही. इथे धागाकर्त्यांशी सहमत.

छोटं चालणं सुटतं हेही खरं. २०११ च्या जनगणनेने कामावर जायचं अंतर आणि साधन विचारलं होतं, फार उपयोगी तक्ता आहे तो. पण प्रश्न फक्त कामाच्या प्रवासाचा आणि तोही शेती, शेतमजुरी, घरगुती उद्योग सोडून इतर कामगारांना. शाळा, दवाखाना, बाजार त्यात नाही.

आठ बाराची स्लो

पुणेकरांच्या भांडणात मुंबईकराने तोंड घालू नये, पण राहवत नाही.

तुम्ही सगळे 'लोकसंख्या वाढली म्हणून प्रवास वाढला' असं धरून बोलताय. आमच्याकडे बघा. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ला ३३ लाखांच्या वर होती, २०११ ला ३१ लाखांच्या आत आली. घटली! गाड्यांमधली गर्दी घटली का? त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. गिरण्या गेल्या, चाळी गेल्या, माणसं डोंबिवली-विरारला झोपायला गेली, आणि कामाला रोज परत फोर्टात. जनगणना तुम्हाला जिथे झोपता तिथे मोजते. दिवसा तुम्ही कुठे असता ते कळायला फेऱ्यांचंच सर्वेक्षण लागतं. त्यामुळे उलटा गियर यांच्या 'सर्वेक्षण बंद करा'ला माझा ठाम विरोध.

पण सर्वेक्षण करून त्याचं काय होतं तेही ऐका. २००८ मध्ये एमएमआरडीएचा, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, वाहतुकीवरचा मोठा अभ्यास आला. त्यात दिसलं की महानगरातल्या निम्म्याहून जास्त फेऱ्या निव्वळ पायी होतात. एवढा आकडा हातात आल्यावर माणूस काय करेल? फुटपाथ करेल. आमच्याकडे त्याच वर्षी वांद्र्याला स्कायवॉक आला आणि मग त्यांची रांगच लागली. चालणाऱ्याला जिना चढवून रस्ता गाड्यांना मोकळा. त्याआधी विल्बर स्मिथ या सल्लागार कंपनीच्या १९६२ च्या अहवालात पश्चिम किनाऱ्याने जाणारा द्रुतमार्ग सुचवला होता. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ ला आला, कोस्टल रोड २०२४ ला. गाड्यांची शिफारस साठ वर्षं कुणी विसरलं नाही.

टप्पा वाढला

चौकातली मोजणीही तशीच असते. मी एकदा मोजणीवाल्या पोराला विचारलं, बाबा, माझी बस किती धरलीस? म्हणाला, तीन. तीन काय? तीन मोटारी. माझ्या गाडीत सत्तर माणसं, मागच्या मोटारीत एक जण फोनवर बोलतोय. त्याची एक, माझ्या सत्तर जणांच्या तीन.

वाघोलीकरीण

हे माहीत नव्हतं. म्हणजे बस जास्त आल्या की कागदावर कोंडी वाढते?

जुनी मोजपट्टी

थांबा, इथे मी मागे हटणार नाही. त्याला पीसीयू, म्हणजे 'पॅसेंजर कार युनिट', म्हणतात आणि ते एका मोटारीच्या हिशेबात रस्त्यावरची जागा मोजतं. माणसं मोजायचं काम त्याचं नाही. बस जागा जास्त घेते, सिग्नलला उचलायला वेळ घेते, म्हणून तीनच्या आसपास. पुलाची रुंदी काढायला तेच लागतं. माणसं मोजायला वेगळा रकाना असतो, वाहनात किती बसलेत त्याचा. तो रकाना मीटिंगमध्ये पुढे कुणी सरकवत नाही, हा पीसीयूचा दोष कसा? मोजमापाला झोडपू नका.

उलटा गियर

शेवटी गाडी माझ्याच मुद्द्यावर आली. रकाना असतो, पुढे सरकत नाही.

जुनी मोजपट्टी

तुमचा मुद्दा रकानाच नको असा होता.

चिंचेचा पार

ताजी बातमी. काल दुपारी ती मुलं आमच्या विंगमध्ये येऊन गेली, वॉचमनला सोसायटीचा निरोप पोचलाच नव्हता. आम्ही दोघंही ऑफिसात, घराला कुलूप. शेजारच्या देशपांडे काकांनी त्यांना आत बसवून चहा दिला आणि फॉर्म भरला. काकांच्या कालच्या फेऱ्या दोन: सकाळी तळजाई टेकडी, पायी, जाऊन-येऊन. मुलाने कारण विचारलं तर काका म्हणाले, "लिही, बायको चाल म्हणते म्हणून." त्याने 'इतर'वर खूण केली.