आईला मोतीबिंदू, शिवाय पडद्यालाही सूज: आधी काय करावं?

बार्शीचा_निखिल
नमस्कार मंडळी. आई बार्शीला असते, वय ६७, शुगर पंधराएक वर्षांपासून. उजव्या डोळ्याने एसटीची पाटीही वाचता येत नाही, डाव्यावर कसंबसं निभावतंय. गावातल्या डॉक्टरांनी मोतीबिंदू पिकत आलाय, फेको (मशीनने मोतीबिंदू काढायचं ऑपरेशन) करून टाका म्हणून सांगितलं. सोलापुरात दाखवलं, तर तिथल्या समुपदेशक ताईंनी लेन्सचं दरपत्रकच पुढे सरकवलं: देशी, विदेशी, मल्टिफोकल, आणि 'ब्लेडलेस लेसर' हवं असेल तर त्याचे वरचे पैसे वेगळे. मामांचं म्हणणं, शिबिरात नेऊ, बिनटाक्याचं फुकटात होतं. त्यांचं तसंच झालंय आणि ते रात्रीसुद्धा मोटारसायकलवर शेतात पाणी द्यायला जातात.

सोलापुरातच दुसऱ्या एका डॉक्टरांनी थेंब टाकून, बाहुली मोठी करून बघितलं आणि जाता जाता म्हणाले, "पडद्याला जरा सूज वाटतेय, ते नंतर बघू." हे 'नंतर बघू' काही डोक्यातून जाईना. फेको की बिनटाक्याचं? महागड्या लेन्सचा खरंच फायदा होतो का? आणि पडद्याचं आधी करायचं की मोतीबिंदूचं? जाणकारांनी आणि ज्यांच्या घरी हे होऊन गेलंय त्यांनी सांगा. मी पुण्यात नोकरीला आहे, आईला इकडे आणता येईल.

चहा_बिस्कीट
आजकाल बिनटाक्याचं कोण करतं हो? फेकोच करा. माझ्या सासूबाई दुसऱ्या दिवशी मेथी निवडायला बसल्या होत्या. ऐपत असेल तर ब्लेडलेस घ्या, डोळ्याच्या बाबतीत हात आखडता कशाला?

डोळस_रत्नागिरी
वरच्या प्रतिसादाशी बराचसा असहमत. मी नेत्रतज्ज्ञ आहे, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया करतो. पडद्याचं काम करत नाही, त्यावर त्यातल्या कुणीतरी लिहावं.

निखिल, तुम्हाला 'नंतर बघू' खटकलं ते बरोबर आहे. मधुमेही डोळ्यात पडद्याच्या मधल्या भागाला, म्हणजे मॅक्युलाला, आधीच सूज असेल तर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ती वाढू शकते. मग होतं काय, ऑपरेशन छान, लेन्स जागच्या जागी, आणि पेशंट म्हणतो, "डॉक्टर, उजेड आला पण अक्षर लागत नाही." घरचे म्हणतात ऑपरेशन बिघडलं. म्हणून आधी ओसीटी करून घ्या. डोळ्याला हात न लावता काही मिनिटांत होणारी तपासणी आहे, पडद्याची जाडी मायक्रॉनमध्ये कळते. मोतीबिंदू इतका दाट असेल की ओसीटीत काही उमटतच नाही, तर निदान बी-स्कॅन सोनोग्राफी करून पडदा जागेवर आहे ना, मागे रक्त साचलेलं नाही ना, एवढं पाहता येतं. मॅक्युलाची सूज मात्र त्यात नीटशी कळत नाही.

आता फेको की बिनटाक्याचं. फेकोत साधारण २.२ ते २.८ मिमीची चीर देऊन ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून घेतात. बिनटाक्याच्या पद्धतीत (आम्ही एसआयसीएस म्हणतो) ६ ते ७ मिमीचा तिरका बोगदा करून आतला कठीण गाभा अख्खा बाहेर काढतात. बोगद्याचं तोंड आपोआप मिटतं, म्हणून टाका नाही. फेकोलाही सहसा टाका पडत नाही, तेव्हा 'बिनटाक्याचं' या नावावर जाऊ नका.

यावर आपल्या पुण्यातच, एच. व्ही. देसाई रुग्णालयात, चांगला अभ्यास झालाय. ४०० पेशंट, कुणाला कोणती पद्धत हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं, २००५ साली प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय ६/१८ (निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून चांगलं दिसणारे फेकोत ८१ टक्के, एसआयसीएसमध्ये ७१. योग्य नंबरचा चष्मा लावल्यावर दोन्हीकडे ९८.४ टक्के! नेपाळात खूप पिकलेल्या मोतीबिंदूंवर असाच अभ्यास झाला, तो २००७ चा. सहा महिन्यांनी चष्म्यासह दोन्ही गटांत ९८ टक्के त्याच पातळीला, आणि एसआयसीएस कमी वेळात, कमी खर्चात. म्हणजे फरक आहे, पण तो मुख्यतः चष्म्याच्या नंबराचा. मामांची मोटारसायकल उगाच पळत नाहीये.

उलट मोतीबिंदू तपकिरी, दगडासारखा झाला असेल तर फेकोला ध्वनिलहरींची ताकद जास्त लावावी लागते आणि बुबुळाच्या आतल्या थरातल्या पेशी खर्ची पडतात. त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. अशा डोळ्यात सराईत हाताने केलेलं एसआयसीएस मला जास्त भरवशाचं वाटतं. तेव्हा कोणती पद्धत यापेक्षा, तुमचे डॉक्टर रोज काय करतात ते विचारा.

ब्लेडलेस म्हणजे फेम्टोसेकंड लेसर. त्यात चीर आणि लेन्सच्या पिशवीचं तोंड लेसरने करतात, पुढे फेकोच असतो. २०२० साली फ्रान्समधला ९०९ पेशंटचा आणि ब्रिटनमधला ७८५ पेशंटचा, असे दोन मोठे अभ्यास आले. नेहमीच्या फेकोपेक्षा सरस काहीच दिसलं नाही. ते पैसे राहू द्या.

मल्टिफोकल तर या डोळ्याला नकोच. ती लेन्स येणारा प्रकाश दूर-जवळसाठी वाटून टाकते. पडदा निरोगी असेल तर मेंदू जमवून घेतो. मॅक्युला आधीच आजारी असेल तर अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक आणखी पुसट होतो. साधी मोनोफोकल (एकाच अंतरासाठीची), शक्यतो हायड्रोफोबिक (पाणी न शोषणारी) अ‍ॅक्रिलिक घ्या. पुढे कधी पडद्याच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात वायू भरायची वेळ आली तर हायड्रोफिलिक (पाणी शोषणारी) लेन्स क्वचित धुरकट होते, म्हणून हा आग्रह.

दरपत्रकात नसलेली एक गोष्ट विचारा: ऑपरेशनच्या शेवटी डोळ्याच्या आत मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सोडता का? मदुराईच्या अरविंद रुग्णालय समूहाने सहा लाखांवर शस्त्रक्रियांची आकडेवारी मांडली होती. डोळ्यात पू होण्याचं प्रमाण ०.०७ टक्क्यावरून ०.०२ वर आलं. औषधाचा खर्च अगदी किरकोळ. लेन्स कुठल्या देशाची यापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं.

जोजो_ठाणे
मल्टिफोकलबद्दल +१. आमच्या आत्याबाईंनाही मधुमेह, पडदा नीट न तपासता 'चष्मा कायमचा सुटेल' म्हणून घातली. रुग्णालयाचं नाव घेत नाही. आता रात्री प्रत्येक दिव्याभोवती कडी दिसतात आणि पोथी वाचायला चष्मा लागतोच. लेन्स बदलायचं म्हटलं की प्रत्येक डॉक्टर दुसऱ्याकडे पाठवतो.

चहा_बिस्कीट
डोळस, माहितीबद्दल आभार. ब्लेडलेसचा सल्ला मागे घेतो. मेथीचा मात्र नाही.

पडद्यामागचा_माणूस
मी पडद्याचं काम करतो. डोळस यांनी बहुतेक सगळं लिहिलंय, माझ्या बाजूचं सांगतो.

ओसीटीत मॅक्युलाच्या मध्यभागी सूज निघाली आणि मोतीबिंदू अगदीच अडून बसलेला नसेल, तर आधी डोळ्यात इंजेक्शनं देऊन सूज उतरवायची, मग मोतीबिंदू. मोतीबिंदूमुळे पडदा नीट दिसतच नसेल तर मोतीबिंदू काढतानाच किंवा त्याच्या आगेमागे इंजेक्शन देतात. दोन्ही रीतसर आहे. फक्त पडद्याकडे कोण बघणार हे ऑपरेशनच्या आधी ठरलेलं हवं.

इंजेक्शनं तीन नावांनी कानावर पडतील. अव्हास्टिन सगळ्यात स्वस्त. ते मुळात कर्करोगाचं औषध, मोठ्या कुपीतून छोटे डोस काढून वापरतात. म्हणून ते कुठे आणि किती निर्जंतुकपणे भरलं जातं हे विचारायला लाजू नका. दुसरं रॅनिबिझुमॅब, त्याची भारतीय आवृत्ती २०१५ पासून मिळते. तिसरं आयलिया, महाग. अमेरिकेत २०१५ साली या तिघांची तुलना झाली. सुरुवातीची नजर बरी असेल तर वर्षाअखेर तिन्ही सारखी; नजर ६/१५ किंवा त्याहून कमी असेल तर आयलिया पुढे. पण २०२२ मध्ये आणखी एक अभ्यास आला: कमी नजरेच्या डोळ्यांतही अव्हास्टिनने सुरुवात केली आणि गुण येईना तेव्हाच आयलियावर गेलं, तर दोन वर्षांनी निकाल पहिल्यापासून आयलिया दिल्याइतकाच. खिशाला जपणाऱ्या घरांसाठी हा निकाल फार कामाचा आहे.

लेसरला जुनाट म्हणून हिणवू नका. सूज वेगळी आणि पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटणं वेगळं. अशा रक्तवाहिन्या असतील तर पडद्याच्या कडेच्या भागाला लेसर हा जुना उपाय. २०१५ च्या एका अभ्यासात इंजेक्शनं दोन वर्षांनी लेसरइतकीच उपयोगी ठरली, तेव्हापासून काही जण फक्त इंजेक्शनांवर भर देतात. पण त्या अभ्यासातले पेशंट वेळेवर येत होते. आपल्याकडे सुगी येते, लेकीचं बाळंतपण येतं, आणि सहा-आठ महिने पेशंटचा पत्ता नसतो. मध्येच गायब झालेल्यांची तुलना झाली आहे: केवळ इंजेक्शनं घेतलेल्यांचे डोळे लेसर झालेल्यांपेक्षा जास्त बिघडले, कुणाचा पडदा ओढला जाऊन सुटला. पेशंट लांबच्या गावचा असेल तर मी लेसर करूनच पाठवतो.

ठिकाणाचं म्हणाल तर, इंजेक्शनं सुरुवातीला महिन्याच्या महिन्याला लागतात. पुण्यात देसाई आहे, ससून आहे, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसादला सोलापूरकडचे बरेच लोक जातात. पण दर महिन्याला जिथे जाणं जमेल तिथलाच पडद्याचा डॉक्टर धरा.

गौरी_पाचगणी
थोडं अवांतर, पण पडद्याच्या ऑपरेशनबद्दल कुणी विचारलं तर उपयोगी पडेल. बाबांचा पडदा सुटला होता (मधुमेह नाही, मोठा मायनस नंबर). मुंबईत व्हिट्रेक्टॉमी (डोळ्यातला जेलीसारखा भाग काढायचं ऑपरेशन) करून वायू भरला. डॉक्टरांनी बजावलं, बुडबुडा विरेपर्यंत विमान नाही आणि घाटही चढायचा नाही, कारण उंचीवर हवेचा दाब कमी होतो, आतला वायू फुगतो आणि डोळ्याचा दाब वाढतो. आमचं घर पाचगणीला! मुक्काम डोंबिवलीत भावाकडे हलवला. बाबा पलंगावर आडवे, डोकं कडेबाहेर, खाली फरशीवर पेपर पसरलेला, चहा स्ट्रॉने. बुडबुडा विरू लागला तशी त्यांना नजरेत वरच्या बाजूला एक हलणारी रेघ दिसायला लागली. रेघेच्या वर स्वच्छ, खाली धूसर. रोज ती थोडी खाली सरकायची. मनगटावर 'डोळ्यात वायू आहे' असा पट्टा दिला होता, दुसऱ्या कशासाठी भूल द्यावी लागली तर नायट्रस ऑक्साइड देऊ नये म्हणून.

एक शंका: दुसऱ्या डॉक्टरांनी ऑपरेशनऐवजी नुसतं वायूचं इंजेक्शन देऊन भागेल म्हटलं होतं. ते घ्यायला हवं होतं का?

पडद्यामागचा_माणूस
गौरी, पडदा सुटतो तो त्याला पडलेल्या भोकामुळे; ते भोक कुठे होतं त्यावर आहे. पडद्याच्या वरच्या भागात एखाद-दुसरं छोटं भोक असेल तर तो मार्ग चालतो. कॅनडातल्या टोरँटोत १७६ पेशंटवर तुलना झाली, २०१९ मध्ये आली. एका खेपेत पडदा चिकटला तो इंजेक्शनवाल्यांपैकी सुमारे ८१ टक्क्यांचा, व्हिट्रेक्टॉमीवाल्यांपैकी ९३. पण वर्षाने नजर मोजली तर इंजेक्शनवाल्यांना तक्त्यावरची साधारण पाच अक्षरं जास्त वाचता आली. ज्यांना दुसऱ्या ऑपरेशनची शक्यता मान्य आहे आणि डोकं सांगितलं तसं ठेवायची तयारी आहे, त्यांच्यासाठी चांगला पर्याय. भोक खाली असेल तर नाही.

आणि बाबांचं वय पन्नाशीच्या पुढचं असेल तर व्हिट्रेक्टॉमीनंतर त्याच डोळ्यात मोतीबिंदू लवकर येतो, बहुतेकांना दोनेक वर्षांत. तो आला की घाबरू नका.

बार्शीचा_निखिल
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला पुण्यात आणून ओसीटी केलं. उजव्या डोळ्यात मध्यभागी जाडी ४१२ मायक्रॉन, डाव्यात २७०. नव्या रक्तवाहिन्या नाहीत. पडद्याच्या डॉक्टरांनी उजव्यात आधी अव्हास्टिन, मग फेको आणि साधी हायड्रोफोबिक लेन्स असं ठरवलंय. मॉक्सिफ्लॉक्सासिनचं विचारलं तर डॉक्टर हसले आणि म्हणाले, "सोडतो की, कुणी सांगितलं तुम्हाला?" शुगर मात्र नऊच्या घरात आहे (एचबीए१सी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी). ती एकदम खाली आणायची का? आणि ऑपरेशनच्या दिवशी उपाशी ठेवायचं का? ती रक्त पातळ करायची गोळी घेते. बाबांचंही पुढच्या वर्षी करायचंय, त्यांना प्रोस्टेटची गोळी चालू आहे.

डोळस_रत्नागिरी
डाव्या डोळ्याचा आकडा चांगला आहे. उजव्यासाठी ठरवलंय ते योग्य वाटतं. शुगर घाईघाईने खाली ओढू नका, एकदम उतरवल्यावरही काही वेळा पडदा बिघडलेला दिसतो. फिजिशियनच्या सल्ल्याने हळूहळू आणा, आणि रक्तदाबही बघा. मोतीबिंदूला सहसा थेंबांची किंवा डोळ्यापुरती भूल असते, त्यामुळे बहुतेक ठिकाणी हलका नाश्ता चालतो आणि मधुमेही माणसाला उपाशी ठेवणं धोक्याचंच. तरी जिथे करणार तिथला नियम पाळा. रक्त पातळ करायची गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना नाव सांगा.

बाबांची गोळी टॅम्सुलोसिन आहे का ते पाकिटावर बघा. तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बुबुळामागचा रंगीत पडदा (आयरिस, मागचा पडदा नव्हे) ढिला पडून फडफडतो आणि बाहुली आकसते. २००५ साली हे पहिल्यांदा नोंदवलं गेलं. आधी माहीत असेल तर आम्ही औषध आणि हुक तयार ठेवतो; टेबलावर कळलं तर तारांबळ उडते. गोळी थांबवूनही तो परिणाम पुरता जात नाही, तेव्हा चालू राहू द्या. फक्त केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहून घ्यायला सांगा.