विषय: डिसेंबरात पुण्यात – सवाई, नाटकं आणि तिकिटं

नमस्कार मंडळी,
यंदा आपल्या परदेशातल्या मंडळातली बरीच घरं नाताळच्या सुट्टीत पुण्याला निघाली आहेत आणि समितीकडे सगळ्यांचे प्रश्न तेच आहेत. ‘सवाई’ या शास्त्रीय संगीत महोत्सवाचा कोणता दिवस घ्यावा? नाटकांच्या तारखा आत्तापासून का दिसत नाहीत? तिकिटं इथून निघतात का? जाणकारांनी कृपया या ईमेल-यादीवरच उत्तर द्यावं.
– सांस्कृतिक समिती

---

समितीस,

आधी विमानाची तारीख पाहा. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव बहुतेक वर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात, बुधवार ते रविवार असतो. तुमच्याकडे शाळा सुटतात वीस तारखेच्या आगेमागे. म्हणजे तुम्ही लोहगाव विमानतळावर उतरता तेव्हा बहुधा मांडव सोडायचं काम चालू असतं. सुट्टी पुढे ढकलता येत असेल तर जानेवारीतला वसंतोत्सव हा संगीत महोत्सव गाठा.

ज्यांना जमतंय त्यांच्यासाठी: जागा आता रमणबाग नाही. २०१८ पासून उत्सव मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. मेट्रोने स्वारगेट आणि तिथून रिक्षा, हे सर्वांत सुटसुटीत. गाडी नेलीत तर पार्किंग शोधण्यात पहिला कलाकार हुकतो.

दिवस निवडताना लोक कलाकारांची नावं पाहतात. माझं मत, वेळ पाहावी, कारण राग दिवसाच्या वेळेनुसार गायले जातात. १९५३ साली सुरू झालेला हा उत्सव पूर्वी रात्रभर चालायचा आणि शेवटच्या सकाळी भीमसेनजींच्या गाण्याने संपायचा. ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा आली, वर्षातल्या मोजक्या दिवशीच बारापर्यंत सवलत मिळते. त्यामुळे ललत, तोडी हे पहाटे-सकाळचे राग या मांडवातून जवळपास गेलेच. अलीकडे पहिले तीन दिवस दुपारी तीनच्या सुमारास सुरू होऊन दहाला संपतात. तेव्हा भीमपलास, मुलतानीने सुरुवात होते, सहाच्या आसपास सूर्य मावळतो त्या वेळी ज्याची पाळी येते त्याच्याकडून मारवा, पूरिया किंवा श्री मिळण्याची शक्यता, आणि मग यमन ते बिहाग. शनिवारी बारापर्यंत चालतं, म्हणून मालकंस, बागेश्री, दरबारी निवांत मांडलेला ऐकायचा तर तोच दिवस. रविवारी दुपारी बारालाच सुरुवात, त्यामुळे सारंगाचे प्रकार कानावर पडतात. एकच दिवस घेणार असाल तर शनिवार, दोन घेणार असाल तर जोडीला रविवार. रविवारी शेवटचं गाणं झाल्यावर लगेच चपला शोधू नका. भीमसेनजींचे गुरू सवाई गंधर्व यांची भैरवीतली ध्वनिमुद्रिका वाजवून मग उत्सव संपतो.

बसायचं कुठे? भारतीय बैठक स्वस्त, पण सात तास मांडी घालणं गुडघ्यांना विचारून ठरवा. उशी किंवा घडीची सतरंजी न्या. खुर्च्या आधी संपतात. जिथे बसाल तिथे मध्यभागी, ध्वनिव्यवस्थेच्या टेबलाच्या आसपास बसा. कडेच्या स्पीकरखाली तबल्याचा डग्गा इतका घुमतो की तंबोरा ऐकूच येत नाही. मांडव बाजूंनी उघडा असतो; डिसेंबरात पारा रात्री बारा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा शाल आणि कानटोपी हवीच. खायला उठायचं ते वाद्यं जुळवायला कलाकार दहा-पंधरा मिनिटं घेतात तेव्हा. विलंबित (संथ लयीतलं गाणं) चालू असताना रांगेतून वाट काढणाऱ्याकडे पुणेकर कसं पाहतात, हे या यादीवर सांगायला नको.
– कोथरूडहून

---

काका, शनिवारबद्दल सहमत. एक भर: महोत्सवाच्या दिवसांत सकाळी शिवाजीनगरला, राहुल थिएटरच्या मागे सवाई गंधर्व स्मारकात ‘षड्ज’मध्ये संगीतावरचे माहितीपट दाखवतात आणि ‘अंतरंग’मध्ये कलाकारांशी गप्पा होतात. गर्दी कमी, बसायला खुर्ची.

आता नाटकं. तारखा महिनाभर आधी दिसत नाहीत, कारण नाट्यगृहाची तारीख निर्मात्याला आधी मिळाली तरी कुठल्या प्रयोगाला लावायची हे नटांच्या चित्रीकरणांवर ठरतं. जाहिरात येते आठवडाभर आधी. म्हणून तिकडून बुकिंगच्या मागे लागू नका, पोचल्यावर शनिवार-रविवारचा पेपर पाहा. ऑनलाइन ‘फुल’ दिसलं तरी खिडकीवर चौकशी करा. अनेकदा तिथला कोटा वेगळा असतो. खिडकी सकाळी आणि संध्याकाळी उघडते, दुपारी बंद. परदेशी कार्ड कधी चालतं, कधी ओटीपीपाशी अडकतं. अनिवासी भारतीयांचं एनआरई किंवा एनआरओ खातं असेल तर अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, यूएई अशा काही देशांच्या मोबाइल नंबरावर यूपीआय घेता येतं. ते निघण्याआधीच बँकेकडून करून घ्या.

प्रयोगाच्या वेळा साधारण दुपारी साडेबारा, संध्याकाळी पाच-साडेपाच, रात्री साडेनऊ. दोन अंक आणि मध्यंतर मिळून अडीच तास धरा. बालगंधर्व रंगमंदिराला संभाजी उद्यान मेट्रो स्टेशन अगदी लागून आहे, पण मेट्रो अकराच्या सुमारास थांबते. रात्रीचा प्रयोग सुटतो बाराला, आणि बाहेर तीनशे माणसं एकाच वेळी रिक्षा शोधत असतात. पाचचा प्रयोग घ्या.

व्यावसायिक नाटकांसाठी बालगंधर्व, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण, टिळक स्मारक. एवढ्यावर थांबू नका. शनिवार पेठेतलं सुदर्शन रंगमंच आणि हिराबागेजवळचं ज्योत्स्ना भोळे सभागृह, इथे कमी प्रेक्षकांसमोर प्रायोगिक काम होतं. तिकीट स्वस्त, नट हाताच्या अंतरावर. नव्या रंगकर्मींचं काय चाललंय ते मोठ्या नाट्यगृहापेक्षा इथे जास्त कळतं.
– सदाशिव पेठेतून

---

ताई, सासूबाई ऐंशीच्या, नातू सहा वर्षांचा. दोघांना एकाच प्रयोगाला नेता येईल?
– एक सभासद

---

नेता येईल, दुपारचा प्रयोग घ्या. तिकीट काढताना खालच्या मजल्यावरची, वाटेच्या कडेची जागा मागा. बाल्कनी नको, जिने आहेत. चाकाची खुर्ची असेल तर नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना आदल्या दिवशी फोन करा, कारण सगळीकडे रॅम्प सारखा नाही. जाहिरातीत ‘फक्त प्रौढांसाठी’ लिहिलंय का तेही पाहा. नातवासाठी वेगळं बालनाट्य मिळणं डिसेंबरात अवघड. त्याचा हंगाम उन्हाळ्याच्या सुट्टीत. त्यापेक्षा शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर भीमथडी जत्रा लागली असेल तर तिकडे न्या, लोककलावंत असतात आणि पळायला मोकळी जागा. पुस्तक महोत्सव फर्ग्युसनच्या मैदानावर चालू असला तर त्या संध्याकाळी एफसी रोडवरून बालगंधर्वला जायला अर्धा तास जास्त धरा. चोवीस तारखेला कॅम्पातही तसंच: एमजी रोडला गाडी नेऊ नका.
– सदाशिव पेठेतून