साहेबांचं ‘होय’ कुणी ऐकलं?

ए-१०२ सेक्रेटरी: काल क्लबहाउसमध्ये माननीय आमदार साहेबांनी पावसाळी अधिवेशनाचा आढावा दिला. सर्व उपस्थितांचे आभार. डेकोरेटरच्या खुर्च्या परत गेल्या, पण दोन कमी भरतायत. चुकून कोणाच्या घरी गेल्या असतील तर वॉचमनकडे द्याव्यात 🙏

डी-५०२: सेक्रेटरी काका, एक शंका. काल वाटलेल्या गुळगुळीत पत्रकात पान ३ वर छापलंय, ‘जनहिताच्या प्रत्येक विधेयकाला मतदान केले.’ कुठल्या विधेयकाला काय मत दिलं ते बघायचं कुठे? रात्री तासभर शोधलं. लोकसभेत मतविभाजन झालं, म्हणजे एकेकाचं मत मोजलं गेलं, की नावं सापडतात. आपल्या आमदारांचं काहीच मिळेना.

बी-४०३ काका: अरे, लाइव्ह दाखवतात की सगळं.

डी-५०२: तेही पाहिलं, काका. अध्यक्ष विचारतात, खालून गलका येतो, विधेयक संमत. कॅमेरा अध्यक्षांवरच. साहेब तेव्हा बाकावर होते की कँटीनमध्ये, तेवढंही कळत नाही.

सी-७०१ मावशी: अरे बाळा, तुला ते सापडणार नाही, कारण ते लिहिलेलंच नसतं. मी विधानभवनात प्रतिवेदक होते, २६ वर्षं. सभागृहात मधल्या टेबलाशी बसायचं, कानावर पडेल ते लघुलिपीत उतरवायचं, आपली पाळी संपली की दुसरीला जागा देऊन टंकायला पळायचं. एकमेकांच्या अंगावर ओरडणारे चार-चार सदस्य मी वेगवेगळे करून लिहिलेत. पण विधेयक मताला टाकलं की काम एकदम सोपं. अध्यक्ष म्हणणार, अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावं. मग ‘होयचं बहुमत’. आमच्या वहीत काय उतरायचं? ‘प्रस्ताव मतास टाकण्यात आला व संमत झाला.’ पुढचा विषय. ‘होय’ कोणी म्हटलं, कोण गप्प बसलं, कोण मागच्या बाकावर फोनवर होतं, यातलं अक्षरही नाही. याला आवाजी मतदान म्हणतात आणि बहुतेक विधेयकं अशीच होतात.

बी-२०१ ताई: म्हणजे पान ३ खोटं?

सी-७०१ मावशी: खोटं म्हणता येत नाही गं, तीच तर गंमत. खरंही करून दाखवता येत नाही.

ए-६०४ वकील: त्यात भर घालतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १८९ प्रमाणे हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने निर्णय होतो आणि गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, एक-दशांश. विधानसभेत २८८ जागा, म्हणजे २९ जण पुरतात. रात्री उशिरा बाकं किती भरलेली असतात ते मावशी सांगतील.

सी-७०१ मावशी: नको 😄 पेन्शन घेते अजून.

बी-२०१ ताई: मी काल जनसुरक्षा विधेयकाचं विचारलं होतं, ते कडव्या डाव्या संघटनांवर कारवाईसाठी म्हणून आणलेलं. सरळ विचारलं, साहेब, तुम्ही बाजूने की विरोधात? म्हणाले, ‘ताई, १२ हजारांहून जास्त सूचना आल्या होत्या, संयुक्त समितीने त्या बारकाईने पाहिल्या, आम्ही ठामपणे भूमिका मांडली.’ कुठली भूमिका ते विचारणार तेवढ्यात वडे आले.

बी-४०३ काका: वडे मात्र गरम होते.

ए-६०४ वकील: ते विधेयक १० जुलै २०२५ ला विधानसभेत आवाजी मतदानानेच संमत झालं. डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी विरोध केला, ते नावानिशी बातम्यांत आलं. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला आणि तिथेही संमत झालं. सभात्यागाची बातमी मोठी होते, पण मत विचारायच्या वेळी ‘नाही’ म्हणायला जागेवर कोणी उरत नाही. हे माझं मत हं, राजकीय समजू नका.

ॲडमिन: ग्रुपचा नियम क्र. ४, राजकीय पोस्ट नको.

बी-२०१ ताई: सोसायटीच्या सभागृहात सोसायटीचा वडा खाऊन आमदार जे बोलले ते सोसायटीच्या ग्रुपवर नाही विचारायचं तर कुठे?

सी-३०४: आज पाणी ५ ते ६ च येणार आहे. टाकीचं काम.

बी-४०३ काका: व्हिप असतो म्हणतात ना पण? साहेबही कॉरिडॉरमध्ये मला म्हणाले, काही गोष्टी मनाला पटत नाहीत पण पक्षादेश असतो.

ए-६०४ वकील: असतो काका. १९८५ च्या पक्षांतरबंदीपासून, म्हणजे घटनेच्या दहाव्या परिशिष्टाने, पक्षादेशाविरुद्ध मत दिलं किंवा परवानगीशिवाय मतदान टाळलं तर आमदारकी जाऊ शकते. पक्षाने १५ दिवसांत माफ केलं तर वाचते. पण आता बघा, आवाजी मतदानात कोणी काय म्हटलं हेच लिहिलेलं नाही, तर पक्ष तरी कोणाला पकडणार? कॉरिडॉरमधली ती अडचण साहेबांना मतविभाजन झालं तर येईल. आणि चर्चेत उभं राहून ‘या कलमाबद्दल मला शंका आहे’ म्हणायला पक्षादेश आडवा येत नाही.

डी-५०२: मतविभाजन होतं का कधी आपल्याकडे?

सी-७०१ मावशी: सरकारच्या जिवावर आलं की होतं. जुलै २०२२ आठवा. अध्यक्षांची निवड आणि दुसऱ्या दिवशी शिंदे सरकारचा विश्वासदर्शक ठराव, दोन्ही शिरगणतीने. एकेक सदस्य उभा राहून नाव आणि आकडा सांगत होता, समोरून ‘ईडी, ईडी’ चाललेलं. मी तेव्हा निवृत्त झाले होते, घरी टीव्हीसमोर बसून बोटं नुसती वळवळत होती. ४ जुलैला १६४ विरुद्ध ९९. अशोक चव्हाण, विजय वडेट्टीवार यांच्यासारखे मुरलेले नेते उशिरा पोचले आणि बाहेर राहिले, कारण दारं बंद झाली की कोणालाच आत घेत नाहीत. त्या दिवशी कोण कुठे होतं हे अख्ख्या महाराष्ट्राला पाठ झालं. २०१९ लाही तसंच, ठाकरे सरकार १६९ विरुद्ध शून्य, चार तटस्थ. आणि नोव्हेंबर २०१४ ला? फडणवीसांचा पहिला विश्वासदर्शक ठराव आवाजीने संमत केला आणि मतविभाजन का नाही म्हणून केवढा गदारोळ झाला होता. डिसेंबर २०२४ ला परत आवाजीने, तेव्हा बहुमत एवढं होतं की फार आरडाओरडा झाला नाही.

बी-४०३ काका: आणि स्वतःचे पगार वाढवताना कसं करतात हो, मावशी?

सी-७०१ मावशी: ऑगस्ट २०१६ चं म्हणताय ना? चर्चेविना. आमच्या वहीचं पानसुद्धा उलटलं नाही.

डी-५०२: 😂😂 मग विचारायचं तरी काय यांना? पुढच्या वेळी आले की?

सी-७०१ मावशी: मत विचारू नका, त्यांना जे सोयीचं ते सांगतील. जे छापलं जातं ते विचारा. विधेयकाला दुरुस्ती सुचवली होती का? सुचवली असेल तर नावासकट असते. चर्चेत बोललात का? बोलला असाल तर शब्दन् शब्द आहे, मीच लिहिलेत तसे हजारो. आणि आवाजीचा निकाल पटला नसेल तर मतविभाजन मागितलंत का, हेही कामकाजात येतं. काल ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्यांतून, म्हणजे बजेटनंतर सरकार मागतं त्या जादा खर्चातून, आपल्या रस्त्याला निधी आणला म्हणाले ना? मग त्या मागण्यांवर बोलताना आपल्या रस्त्याचं नाव घेतलं का, तारीख सांगा, मी काढून देते. तारीख माहीत असली की दहा मिनिटांचं काम आहे.

बी-२०१ ताई: मावशी, काल तुम्ही का नाही विचारलंत?

सी-७०१ मावशी: सवय गं. सभागृहात माणसं बोलायला लागली की मी नुसतं लिहून घेते. काल पण वडा ठेवला होता त्या पेपर नॅपकिनवर लिहीत होते. ‘ठामपणे’ हा शब्द अकरा वेळा आला.

डी-५०२: मावशींचे तीन प्रश्न साहेबांच्या पीएला पाठवले. लगेच उत्तर आलं, फॉरवर्ड करतो: ‘🙏 साहेब दौऱ्यावर आहेत. कार्यअहवालाची पीडीएफ पाठवत आहे.’ उघडली. तेच पत्रक आहे.

बी-४०३ काका: ते जाऊ दे. मला आता वेगळीच शंका यायला लागलीय. सेक्रेटरी साहेब, गेल्या वार्षिक सभेत मेंटेनन्स वाढवला. इतिवृत्तात काय लिहिलंय?

ए-१०२ सेक्रेटरी: सूचक, अनुमोदक यांची नावं आहेत. ठराव सर्वानुमते मंजूर.

बी-२०१ ताई: सर्वानुमते? मी ‘नाही’ म्हटलं होतं! चांगलं मोठ्याने!

बी-४०३ काका: मी पण. म्हणजे मनात नव्हे, तोंडाने.

सी-३०४: मी त्या दिवशी गावाला होतो. मीही ‘सर्व’ मध्ये आहे का?

सी-७०१ मावशी: इतिवृत्त लिहिलं कोणी?

ए-१०२ सेक्रेटरी: खुर्च्या अजून दोन कमीच आहेत. कृपया सर्वांनी आपापल्या गॅलरीत बघावे 🙏