जोचं लग्न आणि एमीची होळी

लुइझा मे अल्कॉट यांच्या 'लिटल विमेन' (म्हणजे शान्ता शेळक्यांनी मराठीत आणलेली 'चौघीजणी') या चार बहिणींच्या कादंबरीत जोला शेवटी एका प्राध्यापकाशी लग्न करायला लावून लेखिकेने कच खाल्ली, असं कुणीतरी म्हटलंय. मला निम्मंच पटलं. ही कादंबरी मुळात दोन भागांत आली, १८६८ आणि १८६९ मध्ये. पहिला भाग थोरल्या बहिणीचं, मेगचं, लग्न ठरतं तिथेच थांबतो. मधल्या काळात वाचक मुलींच्या पत्रांचा मारा सुरू झाला, जो आणि शेजारच्या लॉरीचं लग्न लावा म्हणून. अल्कॉटबाईंना जो बिनलग्नाचीच ठेवायची होती. शेवटी नवरा दिला, पण लॉरी नाहीच. मुद्दाम पोक्त, गबाळा जर्मन प्राध्यापक भेर आणून उभा केला. एका पत्रात त्यांनी हे सरळ कबूलही केलंय. ही माघार कसली, शुद्ध खोडी आहे!

बाकी पुस्तक टिकलंय ते भांडणांवर, असं आपलं माझं मत. नाटकाला नेलं नाही म्हणून धाकटी बहीण एमी जोच्या गोष्टींची वही जाळून टाकते. दुसऱ्या दिवशी नदीवर स्केटिंग करताना 'मधला बर्फ कच्चा आहे, काठाने या' असं लॉरी ओरडतो. ते जोला ऐकू येतं, एमीला नाही. आणि जो गप्प बसते. एमी बर्फ फुटून पाण्यात पडते, थोडक्यात वाचते. मुलींसाठीच्या सोज्वळ पुस्तकात एवढा खुन्नस! त्याहून भारी म्हणजे रात्री जो रडत असताना आई उपदेश झाडत नाही. मलाही जवळजवळ रोज राग येतो, चाळीस वर्षं आवरायला शिकतेय, म्हणते.