मदत हवी आहे: माद्रिदची लसूण-कोळंबी घरी पाणचट का होते?

मंडळी, दिवाळीत लेकीकडे माद्रिदला गेलो होतो. तिथे पुएर्ता देल सोल या मुख्य चौकाजवळच्या गल्लीत 'ला कासा देल आबुएलो' हा १९०६ सालचा बार आहे. आबुएलो म्हणजे आजोबा. नाव आजोबांचं, पण टेकायला खुर्ची नाही! काउंटरशी उभ्यानंच खायचं.

तिथली 'गाम्बास अल आखियो' खाल्ली आणि डोक्यात बसली. ऑलिव्ह तेल, लसणाचे काप, एखादी सुकी लाल मिरची, सोललेली कोळंबी, वर चिमूटभर पार्सली. बस. मातीचं बसकं भांडं समोर येतं तेव्हाही तेल चरचरत असतं. कोळंबी दोन मिनिटांत संपते, मग उरलेल्या तेलात पाव बुडवत बसायचं. खरा जीव त्या तेलातच आहे असं माझं मत. सोबत गोडसर लाल वाइन देतात. पहिल्या घोटाला सरबत वाटलं, तिसऱ्याला पटलं.

आता रडगाणं. ठाण्यात परत आल्यावर तीनदा करून पाहिली. पाकिटातली अर्धा किलो कोळंबी, नेहमीसारखं मीठ लावून अर्धा तास ठेवलेली. कडकडीत तेलात लसूण टाकला, लाल झाल्यावर कोळंबी. तीनही वेळा पाणी सुटलं, चरचर बंद, कोळंबी रबर आणि लसूण कडू. शिवाय कुंभाराकडून आणलेलं भांडं गॅसवर तडकलं ते वेगळंच. नेमकं चुकतंय कुठे?

प्रतिसाद १
दोन चुका तर तुम्हीच लिहिल्यात. मीठ लावून ठेवलं की पाणी सुटणारच; मीठ अगदी शेवटी. आणि अर्धा किलो एकदम? तेल गार पडतं, मग कोळंबी तळली न जाता शिजते. दहा-बारा घ्या. पाकिटातली असेल तर रात्रभर फ्रीजमध्ये सुटू द्या, फडक्यावर पसरून कोरडी टिपा.

प्रतिसाद २
काका, तुम्ही फोडणी करताय! ही फोडणी नव्हे. लसूण गार तेलातच घालायचा आणि मंद आचेवर हळूहळू तापवायचा, म्हणजे वास तेलात उतरतो. कडा जेमतेम सोनेरी दिसल्या की मिरची, आच मोठी, कोळंबी. गुलाबी होऊन जरा वाकली की लगेच उतरवा. बाकीचं काम गरम भांडंच करतं. तेलात हात आखडू नका, कोळंबी निम्मी तरी बुडायला हवी.

प्रतिसाद ३
नवं मातीचं भांडं आधी दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा, मग आच अगदी बारीकवरून वाढवत न्या. गरम भांडं ओल्या ओट्यावर ठेवू नका. तोवर बिडाची लहान कढई घ्या, तीही उष्णता धरते.

धागाकर्ता
आज बिडाच्या कढईत बारा कोळंब्या केल्या. ताटलीत वाढेपर्यंत चरचर चालू होती! लसूणही कडू नाही. फक्त लादीपाव तेलात पडताच विरघळला. कोपऱ्यावरच्या इराण्याकडचा ब्रून आणू का? की अजून कडक काही मिळतं ठाण्यात?