अमेरिकेतल्या काळ्यांचं भलं युद्धानेच केलं, पटतंय का?

निवांत_नाना:
मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. युद्ध वाईट, माणसं मरतात, सगळं मान्य. पण अमेरिकेत काळ्या लोकांना आणि बायकांना जे काही मिळालं त्याची सुरुवात दुसऱ्या महायुद्धाने झाली असं माझं ठाम मत आहे. तीसच्या दशकातल्या मंदीत अध्यक्ष रूझवेल्टने एवढ्या योजना काढल्या तरी १९४० ला बेकारी १४ टक्क्यांच्या वरच होती, १९४४ ला दीड टक्क्याच्याही खाली आली. कारखान्यांना माणसं मिळेनात तेव्हा कुठे रंग बघायचं जरा कमी झालं.

खवट_शेंगदाणा:
नाना, आपोआप काहीही मिळालेलं नाही. ए. फिलिप रँडॉल्फ, रेल्वेच्या झोपायच्या डब्यांतल्या काळ्या पोर्टरांचे युनियनवाले, त्यांनी १९४१ ला जाहीर केलं की १ जुलैला वॉशिंग्टनवर मोर्चा आणतो, लाखभर माणसं घेऊन. रूझवेल्टची तंतरली. २५ जूनला हुकूम ८८०२ निघाला, संरक्षण कारखान्यांत भेदभाव चालणार नाही म्हणून, मग मोर्चा रद्द. तारीख बघा, जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिका युद्धात उतरली ती डिसेंबरात.

निवांत_नाना:
अहो पण धमकी लागू का पडली? ब्रिटनसाठी बोटी-विमानं बनवायची घाई चालू होती म्हणून! पाच वर्षं आधी हाच मोर्चा काढला असता तर कोण विचारत होतं. अडला हरी, दुसरं काय.

खवट_शेंगदाणा:
म्हण पूर्ण करा की, रँडॉल्फना गाढव करून मोकळे झालात 😄

सातारी_कंदी:
फिलाडेल्फियाचं बघा. ऑगस्ट १९४४, आठ काळ्या कर्मचाऱ्यांना ट्राम चालवायचं ट्रेनिंग द्यायला घेतलं. आठच! तर गोरे कामगार संपावर गेले, शहर ठप्प, युद्धाच्या कारखान्यांत माणसं पोचेनात. शेवटी ५००० सैनिक शहरात आले, ट्राममध्ये बंदुका घेऊन उभे, आणि संपवाल्यांना सांगितलं की कामावर या नाहीतर सैन्यभरतीतून मिळालेली सूट गेली समजा. मग आले गुमान. नाना म्हणतील बघा युद्धाने करून दाखवलं, पण तीन वर्षांपूर्वी हुकूम निघूनसुद्धा आठ माणसांसाठी लष्कर आणावं लागलं त्याचं काय?

निवांत_नाना:
आणलं ना पण! हाच तर माझा मुद्दा आहे.

जर्सीतली_जोशीण:
नाना, त्याच रूझवेल्टचा हुकूम ९०६६ सोयीने विसरलात. फेब्रुवारी १९४२. पश्चिम किनाऱ्यावरचे सव्वा लाखाच्या आसपास जपानी वंशाचे लोक उचलून छावण्यांत टाकले, त्यातले दोन तृतीयांश तर जन्माने अमेरिकन. लॉस एंजेलिसजवळ सांता अनिताच्या रेसकोर्सवर घोड्यांच्या तबेल्यात कुटुंबंच्या कुटुंबं ठेवलेली, शेण काढायचं आणि वरून चुना मारायचा, झालं घर. लोकांना असं किनाऱ्यावरून हटवणंसुद्धा सुप्रीम कोर्टाने १९४४ ला योग्य ठरवलं. माफी आणि २०,००० डॉलर आले १९८८ च्या कायद्याने, तेही जे तोवर जगले त्यांना.
बाय द वे, आपल्या भारतीयांना अमेरिकन नागरिकत्वाची दारं १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने उघडली, वर्षाला कोटा १०० माणसांचा. तेव्हा युद्धाने काहीच दिलं नाही असं मीही म्हणणार नाही.

निवांत_नाना:
छावण्यांचं समर्थन कोणीच करत नाहीये ताई. पण जीआय बिल घ्या, परत आलेल्या सैनिकांना कॉलेज, घराला कर्ज. अमेरिकेचा मध्यमवर्ग तिथून उभा राहिला.

सातारी_कंदी:
कोणाचा मध्यमवर्ग? कर्जाला सरकारची हमी, पण कर्ज देणार बँक, आणि दक्षिणेतली बँक काळ्याला दारात उभं करत नव्हती. मिसिसिपीत १९४७ ला अशी तीन हजारांवर कर्जं झाली, त्यातली काळ्या सैनिकांना दोन. दोन टक्के नाही, दोन!! बायकांचंही तेच, कॅलिफोर्नियातल्या रिचमंडच्या बोटीच्या कारखान्यात वेल्डिंग करायला चालल्या, पोरांसाठी पाळणाघरं काढली, आणि युद्ध संपल्यावर जा घरी.

खवट_शेंगदाणा:
आणि सैन्यातला भेदभाव? हिटलरशी लढले ते वेगळ्या काळ्या पलटणींत. तो बंद करायचा अध्यक्ष ट्रुमनचा हुकूम आला जुलै १९४८ ला, म्हणजे युद्ध संपून तीन वर्षांनी, आणि त्यावेळीही रँडॉल्फच उभे होते, वेगळ्या पलटणी ठेवल्यात तर आमची पोरं भरतीला येणार नाहीत म्हणून. युद्ध नव्हतं, माणूस तोच होता.

निवांत_नाना:
हुकूम ४८ चा, पण लष्कर ढिम्म होतं. पलटणी खऱ्या मिसळल्या कोरियाच्या युद्धात, गोऱ्या तुकड्यांना माणसं कमी पडायला लागली तेव्हा. परत युद्धच.