मदत हवी आहे : सिएना-पिएन्झा भागात शाकाहारी आईला काय खायला घालू?

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरमध्ये आई आणि मी इटलीत सिएना, मोंतेपुल्चानो, पिएन्झा आणि शेवटी ओर्विएतो असे नऊ दिवस हिंडणार आहोत. सगळं ट्रेन-बसने. ओर्विएतोचं स्टेशन खाली आणि गाव वर कड्यावर, पण सप्तशृंगीला आहे तशी फ्युनिक्युलर आहे, त्यामुळे चढाची काळजी नाही. काळजी आहे ती जेवणाची.

'पिझ्झा-पास्ता मिळतो की सगळीकडे' हे कृपया सांगू नका. आईला तिथलंच खायचंय. ठेपले घ्यायचे नाहीत, हे तिचंच फर्मान.

दोन वर्षांपूर्वी कामासाठी सिएनाला गेलो होतो. एका छोट्या खानावळीत 'सेन्झा कार्ने', म्हणजे बिनमांसाचं, असं सांगून पांढऱ्या राजम्याचं सूप मागवलं. अर्धं संपल्यावर चमच्यात गुलाबी तुकडे! डुकराचं पान्चेता. वाढणाऱ्या काकू म्हणाल्या, ते काय, चवीपुरतं घातलंय. मी हसून सोडून दिलं, आई नाही सोडणार. तर नेमकं कसं विचारायचं? रिबोल्लिता (शिळा पाव, राजमा आणि काळपट कोबीची पानं घालून आटवलेलं सूप, आपल्या फोडणीच्या पोळीचं चुलत भावंडच) बिनधास्त मागवता येतं, की त्यातही हाडांचं पाणी असतं?

पिची मात्र आईला नक्की आवडेल. कणकेच्या हाताने वळलेल्या जाड शेवया, बहुतेक ठिकाणी अंडंसुद्धा नसतं. वर टोमॅटो आणि तिथल्या मोठ्या पाकळ्यांच्या सौम्य लसणाचा रस्सा. फक्त चीज भुरभुरू नका हे आधीच सांगावं लागेल, कारण पार्मिजानोत वासराच्या जठरातलं रेनेट (दूध विरजणारा पदार्थ) असतंच. पिएन्झाचं पेकोरीनो (मेंढीच्या दुधाचं चीज) काही जण रानकाट्याच्या फुलाने विरजतात असं वाचलंय. वेष्टणावर 'काल्यो वेजेताले', म्हणजे वनस्पतीचं रेनेट, असं लिहिलेलं कुणी प्रत्यक्ष विकत घेतलंय का?

दुसरी अडचण वेळेची. दुपारी अडीचला स्वयंपाकघरं बंद, ती साडेसातच्या पुढे उघडतात. आईला मधुमेहाच्या गोळीमुळे सातला जेवावंच लागतं. वाण्याकडून पाव आणावा, तर तिथल्या तोस्काना प्रांतातला पाव अळणी! मेतकूट नेऊ का विचारलं, तर तेवढ्याला परवानगी मिळाली आहे.

रविवारपर्यंत कळवलंत तर बरं होईल. सिएनातली खोली ओट्यासकट घ्यायची की साधी, ते तुमच्या उत्तरांवर ठरवणार आहे.